भट्टीवाल्याच्या जागी

सोमवार

भट्टीवाल्याला आज काढला. सगळ्यांसमोर आणि मोठ्या आवाजात काढला, म्हणजे बाकीच्यांना वेगळं सांगत बसायला नको.

इस्पितळाचा पाव पहाटे निघतो. मी आलो तर गल्लीच्या तोंडाशीच वास आला. पाव भाजल्याचा वास वेगळा आणि जळल्याचा वेगळा, हे मला झोपेतही कळतं. आत येऊन बघतो तर भट्टीत नुसता कोळसा, आणि हा गडी पिठाच्या पोत्यांमागे तोंड उघडं टाकून झोपलेला. वाकून बघितलं तर तिसराच वास. दारूचा.

इस्पितळाच्या स्वयंपाकघरावर जी बाई आहे ती फोनवर फार बोलली नाही. "उद्यापासून आमच्या रोग्यांना दुसरीकडचा पाव येईल," एवढंच म्हणाली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या गिऱ्हाईकाला परत आणता येतं, शांत बोलणाऱ्याला नाही.

दंडाला धरून त्याला उठवला. पीठ मळणाऱ्या दोघांनी मशीन बंद केलं आणि ऐकत उभे राहिले. त्यांनाही ऐकवलं. म्हटलं, मी दुसऱ्याच्या बेकरीत पोती उचलून इथवर आलोय, मला कोणी झोपायला पोती दिली नव्हती. भट्टीवाल्याने डोकं खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी काय विचारावं? "मालक, भट्टी विझवून जाऊ की तशीच ठेवू?"

असला राग आला. मी म्हटलं, तू चालता हो, भट्टीचं मी बघतो.

माफी मागितली असती तरी काढलाच असता. पण मागायला हवी होती.

मंगळवार

भट्टीवाला मिळत नाही. एक जण आला, भट्टीच्या तोंडाशी उभा राहिला आणि पंखा कुठे आहे म्हणाला. त्याला तसाच परत पाठवला. मळणाऱ्यांतल्या थोरल्याला उभं केलं तर पाव वरून काळे आणि आतून कच्चे.

दुपारी आमच्या चर्चचे पाळक आले. मी मंडळीचा ज्येष्ठ पंच, यांना इथे आणलं तेही माझ्याच आग्रहाने, त्यामुळे केबिनमध्ये बसवून घेतलं. वाटलं, चर्चच्या गळक्या छताचं बोलायला आले असतील. तरुण माणूस, आवाज मऊ. समोरचा बोलत असतो तोवर मान हलवत राहतात.

"काका, भट्टीवाल्याचं कळलं."

"आला असेल तुमच्याकडे रडत."

"तो नाही आला. त्याची आई आली होती. ती काही रडली नाही."

"मग आता मी रडू का?"

हसले. म्हणाले, "तुमचं चुकलं असं मला म्हणायचंच नाही. रोग्यांचा पाव जाळला त्याने. तुम्ही काढणारच."

मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. भांडायला बाह्या सरसावून बसावं आणि समोरच्याने हो म्हणावं, यासारखी पंचाईत नाही.

"मग येणं कशासाठी केलंत?"

"त्याच्या जागी कोण आहे?"

"कोणी नाही. शोधतोय."

"बरं. मग पहाटे मी येतो."

मला वाटलं प्रार्थनेला. म्हटलं, या की, प्रार्थना कोणाला नको आहे.

बुधवार

पाळक प्रार्थनेला आले नव्हते. कामाला आले होते.

पहाटे शटर वर करतोय तर हा माणूस दारात उभा. जुना सदरा, डोक्याला रुमाल. "कुठे उभा राहू?" म्हणाले. मी म्हटलं, पाळकसाहेब, थट्टा पुरे. ते म्हणाले, थट्टा नाही. पगार नको. बेकरीत प्रत्येक गड्याला रोज घरी जाताना एक पाव मिळतो, तो भट्टीवाल्याच्या आईला पोचवीन, तेवढं असू द्या.

आता पाळकाला हाताला धरून बाहेर काढायचं का? पीठ मळणारे बघतायत. त्यातला धाकटा तर तोंडात बोळा कोंबल्यासारखा हसू दाबतोय. राग गिळला.

या माणसाला भट्टीतलं ओ की ठो कळत नाही. पाव आत सारायचं लाकडी फावडं वल्ह्यासारखं धरतो. पहिला घाणा अर्धा जळला. दुसऱ्यात पाव एकमेकांना असे चिकटले की वेगळे करायला सुरी घ्यावी लागली. थोरला मळणारा म्हणाला, "पाळकसाहेब, यांचं लग्न लावलंत तुम्ही. आता तोडता येत नाही." सगळी बेकरी हसली, पाळकही हसले. मी केबिनमध्ये बसून ऐकलं. माझे कान मशीनच्या आवाजातूनही ऐकतात. पिठात पाणी कमी पडलं तर मला मशीनच्या आवाजावरून कळतं. तसंच मला हेही कळलं की मी असताना हे लोक असं कधी हसलेले नाहीत.

शुक्रवार

गावभर झालं. काउंटरवर सकाळपासून गर्दी. पुढचं शटर अर्धं वर, त्यातून भट्टी दिसते, आणि भट्टीसमोर घामाने निथळणारे पाळक. बायका मान वाकवून बघतात. एक म्हणाली, "पाळकांच्या हातचा द्या." मी म्हटलं, बाई, तो जळलाय. म्हणाली, "असू द्या, तोच द्या."

जळलेला पाव विकला जातोय आणि चांगला फळीवर पडून आहे. धंदा वाढला म्हणून राग यायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

सगळ्यांवर वरताण म्हणजे हेडमास्तर. शाळेतून निवृत्त झाले, आता माझ्याबरोबर पंच आहेत. आले, बाकावर रुमाल झटकला, मग बसले आणि डोळे भरून पाळकांकडे बघत राहिले.

"काय ही नम्रता. आपल्याला अशी कधी जमायची?"

"उद्या पहाटे या," मी म्हटलं. "पिठाची गाडी येणार आहे. पोती उतरवायची आहेत."

"हो, पण माझी कंबर..."

"बघा. नम्रता आली की कंबर कशी आठवते."

हेडमास्तर उठले आणि जाताना म्हणाले, "लोक विचारतायत, त्या गरिबाला काढलं म्हणून पाळकांवर ही वेळ आली का."

ही वेळ. म्हणजे रोग्यांचा पाव जाळला एकाने, फावडं धरलं दुसऱ्याने, आणि गुन्हेगार मी.

रविवार

उपदेश कशावर असावा? ज्याला मोठं व्हायचं आहे त्याने सगळ्यांचा दास व्हावं, यावर. दुसरा विषयच नव्हता जणू. मी व्यासपीठाच्या उजवीकडे ज्येष्ठ पंचाच्या खुर्चीत. त्या खुर्चीची पाठ उंच आहे, पण बसलेल्याला तिच्यामागे लपता येत नाही. बोलताना पाळकांचे हात वर झाले, बोटांवर भाजल्याचे काळे डाग. सगळ्या मंडळीच्या नजरा त्या हातांवर गेल्या आणि तिथून सरळ माझ्या खुर्चीवर आल्या.

भट्टीवाला आला नव्हता.

घरी येताना बायको म्हणाली, "उपदेश छान झाला."

"छान? माझी धिंड काढली."

"तुमचं नाव तरी घेतलं का?"

"घ्यायला कशाला हवं?"

ती पुढे काही बोलली नाही. ती गप्प बसते तेव्हा मला वाटतं, तीही त्यांच्याच बाजूची.

सोमवार

आज स्पष्ट बोललो. काम आटपल्यावर पाळकांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"पाळकसाहेब, तुम्ही भट्टीसमोर वाकता आणि मान माझी खाली जाते. ही कसली सेवा?"

"तुमची मान खाली जावी असं मी कधी..."

"पुढचं शटर अर्धं उघडं का ठेवता?"

"धूर जायला."

"धूर मागच्या दारानेही जातो. भट्टी मी बांधलीय, धूर कुठून जातो ते मला सांगू नका. काउंटरवरची बाई 'पाळकांच्या हातचा' म्हणते तेव्हा तुमचं फावडं थांबतं. बघत नसलो तरी मला ते ऐकू येतं. तुम्ही ऐकायला थांबता. नम्र व्हायचं तर दार लावून व्हा. शटर वर करून करायची असेल तर तिला नम्रता म्हणू नका, ती दुकानदारी. आणि दुकानदारी तुमच्यापेक्षा मला जास्त कळते."

मान हलवणं थांबलं. चेहरा लाल झाला. मी वाट बघत होतो, आता हा माणूस चिडेल, म्हणजे मग हिशेब बरोबरीचा होईल.

मग म्हणाले, "खरं आहे, काका."

"काय खरं आहे?"

"ऐकून बरं वाटतं. थांबतो मी ऐकायला."

मी म्हटलं, "जा आता. तुम्हाला संध्याकाळच्या भेटी असतील."

वर्मावर बोट ठेवलं म्हणून मला समाधान वाटायला हवं. मुळीच वाटत नाही. उलट जेवण गेलं नाही.

मंगळवार

पाळक मागच्या दाराने आले. त्या गल्लीत कचऱ्याचे पिंप असतात, कुत्री असतात, उजेड नाही. पुढचं शटर त्यांनी पूर्ण खाली ओढलं. मग मळणाऱ्यांना बोलावलं आणि मला सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, इथे मी तुम्हाला लोकांच्या तोंडी दिलं. ते चुकलं. मला माफ करा."

मळणाऱ्या थोरल्याने माझ्याकडे बघितलं, मग पाळकांकडे, मग पिठाकडे. मला तर कुठे बघावं ते कळेना. मी म्हटलं, "ठीक आहे, ठीक आहे, पीठ फुगून वर आलंय."

हाही एक डावच असेल, असं दिवसभर स्वतःला सांगत होतो. पण डाव टाकून माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. यांनी फावडं उचललं आणि पाठ फिरवली.

आजही एक घाणा जळला. शटर खाली होतं, त्यामुळे जळलेला पाव कोणी मागितला नाही. निव्वळ तोटा.

गुरुवार

व्हायचं तेच झालं. भट्टीच्या लोखंडी दाराला पाळकांचा उजवा हात लागला, कोपरापासून मनगटापर्यंत. मला केबिनमध्ये चर्र ऐकू आलं. आवाज असा की माझ्याच अंगावर काटा आला. मळणाऱ्या धाकट्याने हात नळाखाली धरला. मी म्हटलं, दवाखान्यात जा. गेले आणि पट्टी बांधून परत आले. डाव्या हाताने फावडं धरायला लागले.

डाव्या हाताने! उजव्याने येत नाही ते.

तेव्हा माझं डोकंच फिरलं. कोट काढून फेकला, त्यांच्या हातून फावडं हिसकावलं आणि म्हटलं, बाजूला व्हा, माझी बेकरी आहे ही, प्रयोगशाळा नाही. उरलेले सगळे घाणे मी काढले. राग होता म्हणून जमलं. शेवटी दंड थरथरत होते आणि सदरा पिळून निघाला होता, पण एकही पाव जळला नाही. मळणारा थोरला म्हणाला, "मालक, तुम्ही फावड्याला झटका देता तो भट्टीवाल्यासारखाच." मी म्हटलं, "माझा झटका त्याने उचललाय. मी नाही त्याचा." सगळे हसले. बहुतेक मीही हसलो.

पाळक पोत्यावर बसून ट्रेला तेल लावत होते. मी विचारलं, "आता हे सगळं कशासाठी चाललंय ते एकदा सांगून टाका."

म्हणाले, "रोज संध्याकाळी मी भट्टीवाल्याकडे जाऊन बसतो. दारूची वेळ टळेपर्यंत. कधी टळते, कधी मी उठून गेल्यावर तो जातो. त्याला वाटतं, त्याची जागा गेली, सगळंच गेलं. मी त्याला सांगतो, तुला काढलं ते बरोबर केलं, पण तुझी जागा अजून कोणी घेतलेली नाही. हे खोटं ठरू नये म्हणून मी इथे उभा राहतो."

"तुम्ही उभे आहात म्हणजे घेतलीच की."

"काका, माझे पाव बघा. याला कोणी जागा घेणं म्हणेल?"

हसू आलं होतं. आतल्या आत दाबलं. मी म्हटलं, "तो परत पिऊन भट्टीसमोर उभा राहिला आणि आत पडला, तर उत्तर कोण देणार? मीच ना?"

"तुम्हीच," ते म्हणाले. "म्हणून तर मी तुम्हाला त्याला परत घ्या असं एकदाही म्हटलं नाही."

हेच तर आहे. म्हणत नाही. म्हटलं असतं तर नाही म्हणून मोकळा झालो असतो.

शनिवार

कालही भट्टीवर मीच होतो, आजही. दुसरा माणूस नाही म्हणून. पाळक एका हाताने पोती ओढतात, ट्रे पुसतात आणि मध्ये मध्ये लुडबुड करतात.

उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन, प्रभूच्या आठवणीसाठी सगळ्यांनी पावाचा एकेक तुकडा घ्यायचा. त्याचा पाव या बेकरी उघडल्यापासून मी स्वतःच्या हाताने करतो, दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाही, आणि रविवारी तबक घेऊन बाकांमधून फिरतोही मीच. त्या पावाला फार काही लागत नाही, पीठ, पाणी, मीठ आणि थोडा धीर. धीर सोडून सगळं होतं माझ्याकडे. तरी चांगला निघाला.

घरी आलो तर बायको दारातच म्हणाली, "अंगाला पिठाचा वास येतोय तुमच्या. कितीतरी वर्षांनी."

म्हटलं, एवढा त्रास होत असेल तर लगेच आंघोळ करतो. केली. बाहेर आलो तर ती सदरा धुवायला टाकायच्या आधी तसाच हातात घेऊन बसली होती. काय बघत होती कोण जाणे. घामाचे डाग असतील.

रविवार

आज जे झालं ते लिहायला हात शिवशिवतोय.

भट्टीवाला उपासनेला आला होता. आईला घेऊन शेवटच्या बाकावर. मी तबक घेऊन एकेक बाक पुढे सरकत होतो. शेवटच्या बाकाशी पोचलो. त्याने हात पुढे केला, मान वर केली, मला बघितलं आणि हात मागे घेतला. तबक तसंच आईकडे सरकवलं. आईने तुकडा घेतला. याने नाही.

सगळ्या मंडळीसमोर. माझ्या हातचा पाव. मी खपून केलेला पाव, त्याच्याच भट्टीवर, त्याच्याच जागी उभा राहून, आणि हा मला नको म्हणतो. मी काय विष कालवलं होतं? उरलेली उपासना मला ऐकू आली नाही. माझ्या कानांना ऐकू आलं नाही, म्हणजे समजा.

जेवलोसुद्धा नाही. दुपारी सरळ त्याच्या घरी गेलो. काय काय बोलायचं ते वाटेत नीट लावून ठेवलं होतं. माझ्यावर राग काढायचा तर बेकरीत येऊन काढ, प्रभूच्या मेजावर काढू नकोस. पहिलं वाक्य हे होतं. पुढची याहून कडक होती.

त्याची आई दारातच उभी होती. म्हणाली, "बरं झालं कोणीतरी आलं. मला उचलवत नाही."

भट्टीवाला मागच्या बाजूला, नळाजवळच्या चिखलात पडला होता. उपासना संपल्यावर घरी न येता परस्पर गेला, आणि असा आला. ओकला होता, त्यातच पडला होता.

मी म्हटलं, "मावशी, पाळकांना बोलवा."

"ते एका मयतीला गेलेत. संध्याकाळी येतील."

मग काय करणार? रविवारचा कोट काढून दाराच्या कडीला अडकवला. काखेत हात घालून त्याला आत ओढला. भट्टीसमोर उभा राहणारा माणूस, वाळलेला दिसतो पण हाडं जड. शिव्या देत ओढला. तोंड पुसलं. सदरा काढला. मावशीने खाटेवर धुतलेली चादर घातली होती, स्वच्छ, कडक वाळलेली. हा चिखलाचे पाय घेऊन तिच्यावर पडला असता म्हणजे तिची सकाळची मेहनत वाया. म्हणून बादली मागितली आणि खाली बसून त्याचे पाय धुतले. नाहीतर मला काय पडलंय. चिखल वाळून घट्ट झाला होता, नखांतून काढावा लागला. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. उष्ण फरशीवर उभं राहणाऱ्याच्या टाचा अशाच होतात. माझ्याही होत्या. त्यांना काय लावायचं ते मावशीला सांगितलं. पाय पुसताना त्यालाही चांगलं सुनावलं, पण त्याला ते ऐकू जात नव्हतं.

मावशी म्हणाली, "आज घेणार होता हो. पाळकांना तसं सांगितलं होतं त्याने. सकाळपासून थेंबाला शिवला नव्हता. पण समोर तुम्हीच आलात. म्हणाला, मालकांच्या हातून कुठल्या तोंडाने घेऊ?"

मी लावून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही कामाला आलं नाही.

तेवढ्यात त्याने डोळे किलकिले केले. उजेड माझ्या पाठीमागून होता. पाय माझ्या हातात. म्हणाला, "पाळकसाहेब, तुम्ही कशाला हे..." मी काही बोललो नाही. मग म्हणाला, "मालकांना सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हटलं.

तो झोपला. मी कोट घातला आणि निघालो. वाटेत पुन्हा राग आला, पण कोणाचा ते नीट सापडेना.

सोमवार

भट्टीवाल्याला कामावर घेतलेलं नाही. हे स्पष्ट लिहून ठेवतो.

पहाटे मागच्या दारात उभा होता. अंघोळ केलेली, केस ओले, चेहरा राखेसारखा. आतही येईना, जाईही ना. दार उघडं, बाहेरचं गार वारं थेट फुगलेल्या पिठावर. मी म्हटलं, "दारात उभा राहू नकोस, पाव बसतील." तेव्हा आत आला. आत आलाच आहे तर म्हटलं ट्रेला तेल लाव. भट्टीजवळ यायचं नाही. पीत नाहीस हे मला जोवर दिसत नाही तोवर भट्टी माझ्याकडे, आणि एक दिवस जरी वास आला तर या वेळी मी ओरडणारही नाही. त्याने मान डोलावली. माफी आजही मागितली नाही. ट्रे मात्र असे पुसले की त्यात तोंड बघावं.

पाळकांना म्हटलं, तुम्ही आता घरी जा, हात बरा करा आणि मेहेरबानी करून फावड्याला पुन्हा हात लावू नका. ते निघाले तसा भट्टीवाला त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "पाळकसाहेब, काल तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, ते माझ्या बापानेही केलं नसतं. आईला विचारलं तर ती नुसतीच रडायला लागली. तुमच्या त्या हाताने तुम्ही कसं केलंत?"

पाळकांनी त्याच्याकडे बघितलं. मग आपल्या पट्टी बांधलेल्या हाताकडे. मग सावकाश माझ्याकडे. मी भट्टीत बघत होतो, पण मला कळलं. ते बोलायला तोंड उघडतायत तोच मी म्हटलं, "पाळकसाहेब, जाता जाता हा पाव घेऊन जा मावशीला. गरम आहे, डाव्या हाताने धरा."

ते काही बोलले नाहीत. पाव घेतला. भट्टीवाला त्यांना मागच्या दारापर्यंत सोडून आला.

आता यात संताप येण्यासारखं काय आहे ते लिहितो. गुडघे माझे दुखतायत. रविवारचा सदरा माझा खराब झाला. नखांतला चिखल अजून गेलेला नाही. आणि एवढं करून नाव कोणाचं, तर पाळकाचं. खरं सांगून टाकावं असं सकाळपासून तोंडाशी आलं. पण सांगितलं तर हा माणूस उद्यापासून माझ्यासमोर मान वर करणार नाही, आणि मान खाली घालून भट्टी बघता येत नाही. पाव आत कधी गेला आणि बाहेर कधी काढायचा हे समोर बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून गप्प बसलो. धंद्याचा विचार, दुसरं काही नाही.